हिवरवाडीचं पिवळं पाणी

माझ्या आयुष्यातली सगळ्यांत गाजलेली बातमी धादांत चुकीची होती. आता मी हे चारचौघांत बिनदिक्कत सांगते. पण २०१३ च्या मे महिन्यात कुणी तसं म्हटलं असतं, तर मी त्याच्याशी कडाकडा भांडले असते. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. औरंगाबादेतल्या एका मराठी दैनिकात दुष्काळाचं पान माझ्याकडे होतं. दुष्काळाला रोजचं वेगळं पान लागत होतं, यावरून त्या वर्षाचा अंदाज करा. आमच्या गारखेड्यातही नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं आणि समोरच्या रिकाम्या प्लॉटवर मात्र सात मजली इमारतीचं काम जोरात चाललेलं असायचं.

बाबा जिल्हाधिकारी कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. सरकारी शिक्का दिसला की त्यांचा विश्वास बसायचा, आणि तोच शिक्का दिसला की माझा उडायचा. सरकारी माणसाला काही विचारायला जाऊ नये, तो लपवायलाच तोंड उघडतो, हे माझं पत्रकारितेतलं पहिलं सूत्र होतं. या सूत्राचा मला फार अभिमान होता, मेलीला.

हिवरवाडी शेंद्र्याच्या कंपन्या मागे टाकून आत सात-आठ किलोमीटरवर. गावातली निम्मी तरणी पोरं कंपनीत, विहिरी कोरड्या ठक्क, आणि दिवसाआड एक टँकर. मी स्कूटीवरून पोचले तेव्हा शाळेजवळच्या सिमेंटच्या टाकीपाशी टँकर उभा होता आणि हंड्यांची रांग पार मारुतीच्या पारापर्यंत गेली होती. टँकरच्या तोटीपाशी आरोग्य उपकेंद्राची नर्स अमृता खरात उभी होती. तिनं एका छोट्या काचेच्या नळीत टँकरचं पाणी घेतलं, त्यात बाटलीतले दोन थेंब टाकले, नळी हलवली. पाणी बघता बघता पिवळंजर्द झालं. तिनं ती नळी उन्हात धरली आणि मी फोटो काढला.

"औषधावानी वास मारतंय पानी," मागून एक बाई म्हणाली. "पिलं की पोटात गुडगुडतंय," दुसरी म्हणाली. मला आणखी काय हवं होतं? अमृतानं विचारलं, "मॅडम, कशाचा फोटो घेताय?" मी म्हटलं, "दुष्काळाचा," आणि स्कूटीला किक मारली. चारपर्यंत बातमी द्यायची होती. ते थेंब कशाचे, हे विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण विचारलं असतं तर बातमी उरली नसती, आणि हे माझ्या मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्याला तेव्हाही कळत असावं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चार कॉलमी फोटो: हिरव्या बांगडीचा हात, हातात पिवळं पाणी. 'हिवरवाडीच्या नशिबी पिवळं पाणी!' फोन खणखणले, कुणीकुणी निवेदनं दिली, पुढाऱ्यांनी निषेध केले. आमचे वृत्तसंपादक तात्यासाहेब एरवी चहासुद्धा स्वतःपुरता मागवायचे. त्यांनी त्या दिवशी सगळ्या ऑफिसला कचोरी खिलवली.

नवव्या दिवशी अमृता खरात आमच्या ऑफिसात आली. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, चेहरा उन्हानं काळवंडलेला. ती मूळची लासूर स्टेशनची; तिथून रेल्वेनं ये-जा करत नर्सिंग शिकलेली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, आली रडगाणं घेऊन.

ती रडली नाही. तात्यासाहेबांच्या टेबलावर तांब्या होता. "हे पाणी कुठलं, सर?" तिनं विचारलं.

"नळाचं. मी ते जारचं पीत नाही."

तिनं पिशवीतून तीच काचेची नळी काढली, तांब्यातलं पाणी घेतलं, दोन थेंब टाकले. तात्यासाहेबांचं पाणी पिवळंजर्द झालं. आजूबाजूचे दोघं-तिघं उठून बघायला आले.

"पाण्यात क्लोरीन असलं की या औषधानं ते पिवळं होतं," ती म्हणाली. "पिवळं म्हणजे जंतू मेलेले, पाणी प्यायला चांगलं. पांढरं राहिलं तर काळजी करायची. तुम्ही रोज हेच पिता, सर. हिवरवाडीचं पाणी शहराइतकंच चांगलं होतं, आणि तुम्ही त्याचा फोटो छापला."

तात्यासाहेबांनी तांब्या जवळ ओढून आत बघितलं.

मग तिनं पुढचं सांगितलं. पेपर गावात पोचला त्या दिवसापासून टँकरचं पाणी लोक फक्त भांड्याला आणि जनावरांना वापरत होते. प्यायला नाल्यातल्या झिऱ्याचं आणायचे. झिरा म्हणजे नाल्याच्या वाळूत केलेला खड्डा. त्यात पाझरून साचणारं पाणी दिसायला काचेसारखं नितळ आणि चवीला गोड. पण वरच्या अंगाला अख्खं गाव शौचाला बसणार. नऊ दिवसांत जुलाब-उलट्यांचे अकरा पेशंट झाले होते. पारूबाई साळवे नावाच्या बाईंची पाच वर्षांची नात तीन दिवस घाटीच्या सरकारी दवाखान्यात सलाईनवर होती. डॉक्टरांनी वाचवली, आता घरी आणली होती. आणि घरी आणल्यावर तिला पुन्हा झिऱ्याचंच पाणी पाजत होते.

"मला कारणे दाखवा नोटीस आलीय, त्याचं मी बघून घेईन," अमृता म्हणाली. "पण त्या पोरीला परत जुलाब झाले तर ती ऱ्हायची नाही. गावानं टँकरचं पाणी प्यायला पाहिजे. तुम्ही बिघडवलंय, तुम्ही नीट करा."

खुलासे आमच्याकडे सातव्या पानावर जायचे, 'हरवले-सापडले'च्या खाली. मी म्हटलं, पहिल्या पानावर, चार कॉलम, माझ्या नावानिशी. तात्यासाहेब तांब्याकडे बघत बसले होते. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "तुझ्या नावाखाली माझंही टाक. मथळा मी दिला होता." त्या माणसाशी मी पाच वर्षं भांडत आले होते. त्या दिवशी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मला वाटलं, संपलं. चूक केली, कबूल केली, छापली. पेपरचा गठ्ठा घेऊन मी ऐटीत हिवरवाडीला गेले. टाकीपाशी माणसं जमली आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक कडुबा यानं खुलासा मोठ्यानं वाचून दाखवला. कडुबाचं काम टाकी राखण्याचं आणि पाण्यात क्लोरीनची पावडर टाकण्याचं. बिचारा चुकीच्या बातमीनंतर गावात तोंड लपवून फिरत होता. त्यानं प्रत्येक शब्द ठासून वाचला. वाचून झाल्यावर कुणी हललं नाही.

मग मागून, रांगेच्या शेपटाकडून, एक बारकी काळी म्हातारी पुढं आली. हीच पारूबाई.

"बाई, पैल्यांदा छापलं तवा तुला कोनाचा फोन आल्ता का?" तिनं मला विचारलं.

"नाही."

"मंग आता कोनाचा आला?"

सगळे हसले. मी शपथा घेतल्या, पण शपथा घेणाऱ्या माणसाचं कुणी ऐकतं का कधी? माझी चूक गावानं एका दिवसात खरी मानली होती, आणि माझं खरं आता खोटं ठरत होतं. पेपरवाल्यांना दाबलं, असं सगळ्यांचं ठरलं. खोटं सांगायचं तर मला राग गावाचा आला होता. खरं सांगायचं तर स्वतःचा.

पारूबाईवर सगळं गाव एका गोष्टीसाठी विश्वास टाकायचं: ती सरकारची बाजू कधीच घेणार नाही. तिच्या नवऱ्यानं कसलेल्या गायरान जमिनीची केस अठरा वर्षं कोर्टात पडून होती. नवरा गेला, वकील बदलले, तारखा चालूच. तलाठी दिसला की ती रस्ता बदलायची नाही, त्याला बदलायला लावायची. तिची वस्ती गावाच्या टोकाला, भीमनगरात. पाण्याच्या रांगेतही त्या बाया शेवटी. आणि रांगेत पहिली नेहमी केसरबाई, सरपंचांची भावजय, पितळी हंडा घेऊन. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणे. पण रांग रोज तशीच लागायची.

अमृता वाद घालत बसली नाही. तिनं पिशवीतून नळी आणि थेंबांची बाटली काढली आणि पारूबाईच्या हातात ठेवली.

"माय, माझ्यावर नका विश्वास ठेवू. पेपरवरबी नका. उद्यापास्नं टँकर आला की तुम्ही तपासायचं. पिवळं झालं तर तोटी उघडायची. नाय झालं तर टँकर माघारी."

"माघारी?" कडुबा ओरडलाच. "शिस्टर, दोन दिसाला एक टँकर येतो!"

"नियमच हाय तसा. आजवर कुणी वापरला नाय, एवढंच."

पारूबाईनं नळी उलटसुलट करून बघितली. "आन मी माघारी म्हनले, अन् तो नाय गेला तर?"

"तर मी या गावात परत तोंड दाखवणार नाय."

"बघू," पारूबाई म्हणाली आणि नळी कनवटीला लावली.

त्यानंतर टँकरच्या दर पाळीला मी हिवरवाडीला जायचे. बाबा म्हणायचे, "प्रायश्चित्त पेट्रोलवर चालत नाही गं, मृण्मयी." पण टाकी तेच भरून द्यायचे.

पहिल्या दिवशी पारूबाईनं तपासलं. पिवळं. मग तिनं आपल्या घागरीतलं झिऱ्याचं पाणी तपासलं. पांढरं. ती बराच वेळ दोन्ही रंग बघत होती. जखमेला हळद तशी पाण्याला ही पावडर, असं अमृतानं सगळं समजावून सांगितलं. पारूबाईनं मान हलवली, तोटी उघडू दिली, आणि स्वतः मात्र घागर घेऊन झिऱ्याकडं गेली. मागोमाग गाव गेलं. दुसरा टँकर पिवळा. तिसरा पिवळा, चौथा पिवळा, पाचवाही पिवळा. प्यायला कुणी घेईना. अमृता घरोघर जाऊन पाणी उकळून प्या म्हणून सांगत फिरायची. लोक हो म्हणायचे, पण जळण कुठून आणणार? मधल्या दिवसांत आणखी तिघांना जुलाब झाले. पारूबाईची नात आईच्या कडेवरून खाली उतरत नव्हती. एवढी पाच वर्षांची पोर, तिचे हात काटकीसारखे लोंबायचे. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"अहो, पण तुम्हीच तपासताय ना? तुमच्याच हातानं पिवळं होतंय ना?" एकदा मी पारूबाईवर चिडलेच.

ती चिडली नाही. "लेकी, रोजच पिवळं होतंय. मी नगं म्हनलं तर काय व्हतं, ते कुठं बघितलंय मी? कोर्टातबी मला रोज 'बोला' म्हनतेत."

इथं माझं पहिलं सूत्रही काही कामाचं नव्हतं.

सहावा टँकर आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. साठेक हंडे रांगेत. ड्रायव्हर फकिरा उतरला, रुमालानं मान पुसत तोटीपाशी उभा राहिला. पारूबाईनं नळी भरली, दोन थेंब टाकले, हलवली. पाणी पांढरं. तिनं आणखी हलवली, उन्हात धरली. पांढरंच. तिनं नळी धुतली, पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा थेंब टाकले. पांढरंच.

पारूबाई अमृताकडं बघत होती, आणि तिच्या नजरेत 'आता बोल' असं स्पष्ट होतं.

"पावडर खतम थी वहाँ," फकिरा म्हणाला. "भरणेकी जगा पे बोले, ले जाव आज के दिन. पानी तो वोच है मौसी."

कडुबा धावत आला. "शिस्टर, आपल्यापाशी पावडरीची अर्धी गोणी हाय. टाकीत टाकतो, हलवतो, अर्ध्या घंट्यात पिवळं व्हतंय. कशाला माघारी?"

तो अगदी बरोबर बोलत होता. मलाही तेच वाटलं. रांगेतल्या बायाही म्हणायला लागल्या, "टाका की, टाका." केसरबाई हंडा आपटत म्हणाली, "घरात घोटभर पानी नाय, अन् हितं तमाशा लावलाय."

अमृताच्या कपाळावरून घाम वाहत होता. तिची चौकशी अजून संपलेली नव्हती; दुष्काळात टँकर परत पाठवला म्हणून दुसरी नोटीस यायला वेळ लागला नसता. ती पारूबाईला म्हणाली, "माय, कडुबा म्हणतो ते व्हतंय. पण मी तुम्हाला शब्द दिला होता. तुम्ही सांगा."

पारूबाईनं रांगेकडं बघितलं. तिच्या वस्तीतल्या बायाही त्यात होत्याच, रिकामी भांडी घेऊन. तिचा आवाज बारीक झाला, पण निघाला.

"माघारी."

अमृतानं गटविकास अधिकाऱ्यांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. साहेब आधी भडकले. "मॅडम, लोक तहानेनं मरतायत आणि तुम्ही टँकर परत पाठवताय? कोण म्हणालं?"

"पारूबाई साळवे म्हणाल्या, साहेब. पाण्यात क्लोरीन नाही. मी लेखी देते."

साठ बाया श्वास रोखून त्या मोबाईलकडं बघत होत्या. मला वाटलं, आता साहेब म्हणतील, चालवून घ्या. मी पैज लावली असती.

"पाठवा माघारी," साहेब म्हणाले. "मी भरायच्या ठिकाणी बोलतो. आजच्या आज दुसरी खेप करायला सांगा. आणि त्या बाईंना सांगा, बरोबर केलं."

फकिरा हसला. "मेरेकू क्या है मौसी, तुम बोले तो वापस ले जातूं." तो केबिनमध्ये चढला. बारा हजार लिटर पाणी घेऊन टँकर वळला आणि धूळ उडवत शेंद्र्याच्या दिशेनं निघून गेला. कुणी शिव्या दिल्या नाहीत. रांगेतली एक म्हातारी नुसतीच म्हणाली, "गेला की गं खरंच." पारूबाई टाकीच्या सावलीत बसली. मी शेजारी जाऊन बसले आणि मला रडू आलं. का, ते मला नीट सांगता येत नाही. सरकारनं कुणाचं तरी ऐकलेलं मी डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं होतं, आणि मी पाच वर्षं तेच होत नाही म्हणून लिहीत आले होते.

साडेतीन तास लागले. हंडे रांगेत तसेच ठेवून बाया सावलीला बसल्या, पण घरी कुणी गेलं नाही. झिऱ्याकडंही कुणी गेलं नाही. साडेचारच्या सुमारास टँकर आला. फकिराच्या शेजारच्या सीटवर पावडरीची नवी गोणी ऐटीत बसलेली होती.

पारूबाई उठली. पाणी घेतलं, दोन थेंब टाकले, नळी हलवली. पिवळंजर्द. तिनं कडुबाकडून लोटा मागून घेतला, तोटीखाली भरला आणि उभ्या उभ्या गटागटा प्यायली. मग लोटा पुन्हा भरला. सुनेच्या कडेवरून नातीला घेतलं आणि लोटा तिच्या तोंडाला लावला. पोरीनं वासानं तोंड वाकडं केलं. "पी गं माय," पारूबाई म्हणाली, "मी बघितलंय." पोर प्यायली. अमृतानं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच घाम पुसल्यासारखं केलं.

रांगेत तोटीपाशी पहिली केसरबाई होती. एरवी तिनं कुणाला न विचारता हंडा लावला असता. आज ती हंडा कमरेवर घेऊन थांबली होती.

"पारूबाई," ती म्हणाली, "प्यायला भरू का?"

मी म्हटलं, आता ही म्हातारी तोऱ्यात मान हलवणार. तिनं मान हलवली नाही. तिनं हातातली नळी केसरबाईपुढं धरली.

"मी म्हनते म्हनून नगं भरू. आदी तू बघ."

केसरबाईनं हंडा खाली ठेवून पारूबाईच्या हातून नळी घेतली, उन्हात धरून नीट बघितली, मागच्या बाईच्या हातात दिली, आणि हंडा तोटीखाली लावला.